बदलापूर ते अंधेरी रोज : घर बदलू, नोकरी बदलू की असंच रेटू?

सातबारावाली

नमस्कार मंडळी. वाचते खूप दिवसांपासून, लिहितेय पहिल्यांदाच, आणि तेही गाडीत बसून, त्यामुळे वाक्यं मध्येच तुटली तर समजून घ्या.

आम्ही २०१९ ला बदलापूरला टूबीएचके घेतला. तेव्हा माझं ऑफिस ठाण्यात होतं, मिस्टर अंबरनाथ एमआयडीसीत, सासूबाई आमच्याजवळ, सगळं कसं छान बसलं होतं. दीड वर्षापूर्वी कंपनीने ऑफिस अंधेरी पूर्वेला हलवलं, सुरुवातीला आठवड्यातून दोनच दिवस या म्हणाले, मग तीन, आणि आता पाचही दिवस आणि वर बायोमेट्रिक. तीन लेट मार्क झाले की अर्धा दिवस कापतात.

माझा दिवस सांगते. पावणेसातला घर सोडायचं, शेअर रिक्षा, मग सात-बाराची गाडी (टाइमटेबल बदललं, वेळ मागेपुढे झाली, पण आमच्या ग्रुपचं नाव सातबाराच राहिलं, कारण एकजण म्हणाली आपल्या नावावर सातबारा म्हणून होणार तो एवढाच). घाटकोपरला उतरायचं, ब्रिजवरून ढकलत ढकलत मेट्रो, मग हायवेच्या स्टेशनला उतरून बारा मिनिटं चालत. नऊला ऑफिसात. म्हणजे सव्वादोन तास. संध्याकाळी अडीच.

पैशाचं म्हणाल तर रिक्षा जाऊन येऊन ४०, मेट्रो ६०, बावीस दिवसांचे झाले २,२००. आणि रेल्वेचा पास सेकंड क्लासचा, तो तीन-साडेतीनशेत बसतो, म्हणजे पन्नास किलोमीटर नेणारी गाडी सगळ्यात स्वस्त आणि तिच्या अलीकडचं पलीकडचं महाग. पण हे दिसणारे झाले. न दिसणारे वेगळेच आहेत. पोळ्यांना बाई लावली. लेकीला ट्यूशन लावली, दुसरीतल्या मुलीला ट्यूशन, कारण मी घरी येते तेव्हा ती पेंगत असते. महिन्यातून दोनदा तरी गाडी रखडते आणि लेट मार्क वाचवायला घाटकोपरहून कॅब करते, तिचे अडीचशे-तीनशे. कंबरेसाठी फिजिओ चालू आहे.

हे लिहायचं कारण म्हणजे मागच्या गुरुवारी संध्याकाळी घाटकोपरला चढताना मागून लोंढा आला, मी आत गेले, उजव्या पायातली चप्पल खाली रुळात गेली. बदलापूरपर्यंत एका पायात चप्पल घालून आले. दाराशी कुणीतरी पायावर पाय दिला तर मी सॉरी म्हणाले, मीच. शेजारची म्हणाली दुसरी पण टाकून दे गं, एक घालून काय करणार, पण मला टाकवेना. घरी पोचल्यावर मिस्टरांनी विचारलं दुसरी कुठाय, आणि मला एकदम रडूच फुटलं. चप्पल साडेतीनशेची होती, रडण्यासारखी नव्हती.

तर ऑफिसातली एक मैत्रीण म्हणतेय मरोळला वन आरके बघ, २५ हजारांत मिळेल. माझा पगार हातात ४८ येतो, घराचा हप्ता १९ जातो. वन आरकेत चौघं कशी राहणार? नोकरी बदलायला बघितलं तर ठाण्यात माझ्या कामाच्या जागा आहेत पण आठ-दहा हजार कमी देतात. काय करावं? ज्यांनी यातून काही मार्ग काढलाय त्यांनी सांगा प्लीज. "सवय होईल" असं कृपया सांगू नका, दीड वर्ष झालं.

दारातला_डोंबिवलीकर

ताई, राग मानू नका पण तुम्हाला बदलापूरला बसायला तरी मिळतं. आम्ही डोंबिवलीला चढतो म्हणजे काय करतो ते आम्हालाच माहीत. बदलापूर गाडी आली की दारातलेच म्हणतात "मागची डोंबिवली लोकल बघ ना, इकडे कशाला", आता मागची कधी येणार ते त्याला माहीत नाही आणि मला पण नाही.

मी सात वर्षं दारात उभा राहून केलं. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन गाड्यांच्या दारांत लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, चौघं त्याच दिवशी गेले. त्या दिवशी मी अर्ध्या तासाने मागच्या गाडीत होतो. घरी आई काही बोलली नाही, फक्त दुसऱ्या दिवशी डबा दिला नाही. म्हणाली जाऊच नको. गेलो अर्थात. पण तेव्हापासून फर्स्टचा पास काढतो. फर्स्टला गर्दी नसते असं नाही, तिथे पण चेंगरतात, फक्त चेंगरताना इंग्रजीत भांडतात.

सल्ला काही नाही, नुसतं मन मोकळं केलं. चप्पलेचं वाचून वाईट वाटलं.

मुलुंडची मावशी

अगं, मी डोंबिवली ते व्हीटी एकतीस वर्षं केलं, आता रिटायर. गवार, मटार, मेथी, काय म्हणशील ते गाडीत निवडलंय, ठाण्यापर्यंत मेथी आणि दादरपर्यंत काड्यांची पिशवी बांधून तयार. लेकाच्या मुंजीची खरेदी पण गाडीतच केली. ते दिवस वाईट नव्हते, मैत्रिणी तिथल्याच आहेत अजून. पण तेव्हा डोंबिवलीला चढता यायचं हे पण खरं.

तुला दोन कामाच्या गोष्टी सांगते. एक म्हणजे संध्याकाळी घाटकोपरला चढूच नकोस. उलटी कुर्ल्याला जा, नाहीतर सरळ दादरला, आणि तिथून बदलापूर-कर्जत पकड. वीस-पंचवीस मिनिटं जास्त जातील पण दाराशी लोंबकळायला लागणार नाही, नशीब असेल तर ठाण्याला चौथी सीट (तिघांच्या बाकावर कडेला टेकायची) मिळेल. मात्र पास तेवढा लांबचा काढ हं! घाटकोपरपर्यंतच्या पासावर कुर्ल्याला गेलीस तर टीसीच्या लेखी तू विनातिकीट, २५० दंड आणि वर भाडं. पासात फरक अगदी थोडा पडतो, दंड एकदाच भरला तरी वर्षाचा फरक निघतो. मी भरलाय, म्हणून सांगतेय.

आणि दुसरं, महिन्याचा पास काढत असशील तर तीन महिन्यांचा काढ, तो महिन्याच्या २.७ पट असतो. फार वाचत नाही पण खिडकीवरची रांग वाचते. आता तर मोबाईलवर निघतो म्हणे.

गुडघ्यांचं मात्र बघ. माझे दोन्ही गेले. डॉक्टर म्हणाले वय, मी म्हटलं वय नाही हो, दादरचे जिने.

हिंजवडी_फेज_थ्री

इकडे पुण्यात या, हिंजवडीला लोकलच नाही तर लोकलचा त्रास कसला :) कोथरूड ते हिंजवडी बाईकवर जाताना सकाळी पाऊण तास, येताना दीड, पावसाळ्यात विचारू नका, वाकडच्या पुलाखाली माझं अर्धं तारुण्य गेलं. पीएमपीचा (इथल्या सिटी बसचा) दिवसाचा पास ४० चा ७० झाला २०२५ ला. मेट्रो आम्ही कित्येक वर्षं डोक्यावरच्या खांबांच्या रूपातच बघितली. तुमच्याकडे निदान गाडीत पुस्तक वाचता येतं, इथे हेल्मेटमध्ये फक्त शिव्या देता येतात.

माइनकाठचा

जर्मनीत एका मासिक तिकिटात देशभरातल्या सगळ्या लोकल गाड्या, ट्राम, बस. मे २०२३ ला ४९ युरोला सुरू झालं, आता महाग केलंय तरी परवडतं. आपल्याकडे असा एकच महिन्याचा पास का होत नाही कळत नाही, लोकलचा वेगळा, मेट्रोचा वेगळा, बेस्टचा वेगळा.

दारातला_डोंबिवलीकर

@माइनकाठचा साहेब, मुद्दा बरोबर आहे, पण तिकडे गाडीला माणसं आत बसतात ना, बाहेर नाही.

रेल्वेवेडा

थोडं तांत्रिक लिहितो, कारण यावर तुमचा निर्णय अवलंबून आहे. "अजून दोन वर्षांत गर्दी कमी होईल" या आशेवर थांबणार असाल तर थांबू नका.

कल्याणच्या पुढे कर्जतकडे दोनच लाइन आहेत. त्याच दोन लाइनवरून तुमची लोकल, पुण्याकडच्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या, सगळं जातं. म्हणून बदलापूरला फेऱ्या वाढवा म्हटलं तरी वाढवणार कुठे. कल्याण-बदलापूर तिसरी-चौथी लाइन एमयूटीपी ३ए (मुंबई लोकलच्या विस्ताराची योजना) मध्ये मंजूर झाली २०१९ ला, म्हणजे तुमच्या फ्लॅटच्याच वयाची आहे. काम चालू आहे. ठाणे-दिवा पाचवी-सहावी फेब्रुवारी २०२२ ला सुरू झाली, मेल गाड्या तेवढ्या पट्ट्यात बाजूला गेल्या, पण त्यामुळे ज्या नव्या फेऱ्या मिळाल्या त्यातल्या बहुतेक एसी केल्या, मग साध्या पासवाल्याला काय फायदा. आणि दक्षिणेला कुर्ल्याच्या पुढे पाचवी-सहावी अडकलेलीच आहे. नळ मोठा केला तरी पाइप मध्ये दोन ठिकाणी चिंचोळाच. पंधरा डब्यांची गाडी मध्य रेल्वेवर २०१२ पासून आहे पण मोजक्याच फेऱ्या.

मेट्रो १४, कांजूरमार्ग-बदलापूर, सध्या कागदावर आहे. मात्र बिल्डरच्या माहितीपत्रकात ती धावतेय, आणि घरापासून पाच मिनिटांवर धावतेय.

एक चांगलं सांगतो. मेट्रो वन (घाटकोपर-वर्सोवा, २०१४ ची) महिन्याला ४५ फेऱ्यांचा पास देते, रोजच्या तिकिटापेक्षा स्वस्त पडतो. तुमच्या बावीस दिवसांच्या ४४ फेऱ्या होतात, बरोबर बसतं. फक्त ३० दिवसांत संपवायच्या, उरलेल्या फेऱ्या बाद. सुट्ट्यांच्या महिन्यात काढू नका, गणपती-दिवाळीत नुकसान.

हिशोबनीस

सगळ्यांचं वाचलं. ताई, तुम्ही प्रश्न थोडा चुकीचा मांडलाय असं मला वाटतं. तुम्ही मरोळ की बदलापूर असं विचारताय. मधली स्टेशनं कुठे गेली?

आणि मुख्य गोष्ट, मिस्टर अंबरनाथला आहेत. म्हणजे तुम्ही जितक्या दक्षिणेला सरकाल तितका त्यांचा प्रवास लांबेल हे खरं, पण कुठल्या दिशेने? सकाळी डाऊन, म्हणजे मुंबईच्या उलट्या दिशेने! ठाण्याहून अंबरनाथकडे सकाळी आठला जाणारी गाडी कधी बघितलीय का? बसायला तर मिळेलच, पाय पसरायला पण मिळतील. माझा भाऊ मुलुंडहून कल्याणला जातो, रोज झोपून जातो, एकदा थेट कसाऱ्याला जागा झाला. तुमचे दोन तास वाचवायला त्यांचा पाऊण तास लागेल, आणि तो पाऊण तास बसून, पंख्याखाली.

आता आकडे, तुमचेच घेतो. सध्या रोज पावणेपाच तास. समजा कळवा-मुलुंडच्या दरम्यान वन बीएचके घेतलात भाड्याने, तर ऑफिस गाठायला सव्वा तास धरा, येताना पण साधारण तेवढाच. रोजचे सव्वादोन तास वाचले. बावीस दिवसांचे जवळजवळ ५० तास. बदलापूरचा टूबीएचके भाड्याने द्या, तुमच्या भागातलं भाडं तुम्हालाच माहीत, मी ८ हजार धरतो. तिकडे १८ हजार भरा. फरक १० हजार. वजा लेट मार्क, वजा कॅब, ट्यूशन बंद केलीत तर तेही वजा, म्हणजे खरा फरक सहा-सात हजार. भागिले ५०. तासाला सव्वाशे-दीडशे रुपये पडतात. तुमचा पगार तासाला काढा, ४८ हजार भागिले बावीस दिवस भागिले नऊ तास, २४० च्या आसपास. म्हणजे कंपनी तुमचा तास २४० ला घेते आणि तुम्हाला स्वतःचा तास दीडशेला परत मिळतोय, तोही लेकीबरोबरचा. मी तर घेतला असता.

ठाण्यातली दहा हजार कमीची नोकरी पण याच तराजूत घाला, तिथे पगार कमी होतो पण घर हलवावं लागत नाही. उत्तर जवळजवळ सारखंच येतं. फरक एवढाच की भाड्याचं घर अकरा महिन्यांनी सोडता येतं, कमी झालेला पगार पुढच्या नोकरीत पण मागे लागतो, एचआरवाले पहिला प्रश्न तोच विचारतात.

खर्च विसरू नका : डिपॉझिट, एक महिन्याचं ब्रोकरेज, टेम्पो. आणि शाळा. मधेच हलवू नका, लिव्हिंग सर्टिफिकेटच्या भानगडी होतात, मे महिना बघा.

मुलुंडची मावशी

हिशोबनीसांचं बरोबर आहे. पण सासूबाईंना विचारलंस का गं? सगळ्यांनी सगळं विचारलं, त्यांचं कुणी नाही विचारलं. त्यांचं देऊळ, त्यांच्या बायका, त्यांचा डॉक्टर तिथे असणार. म्हातारं माणूस उपटून दुसरीकडे लावणं सोपं नसतं. मला लेकाने डोंबिवलीहून मुलुंडला आणलं तर मी सहा महिने भाजीवाल्याशी पण बोलले नाही.

सातबारावाली

सगळ्यांचे खूप आभार. चार दिवस उत्तर दिलं नाही कारण आधी घरी बोलायचं होतं.

मिस्टरांच्या डाऊन गाडीचं आमच्या दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं! म्हणजे सात वर्षं आम्ही दोघं एकाच स्टेशनवरून जातो आणि ते सुटतात पहिल्याच स्टेशनला, त्यामुळे "तुला लांब पडतं" एवढंच आमचं बोलणं व्हायचं. ते आधी नको म्हणाले, स्वतःचं घर सोडून भाड्याने कोण राहतं, लोक काय म्हणतील. मग शनिवारी मी त्यांना सोबत नेलं, ऑफिसच्या वेळेला, माझ्याच रस्त्याने. ते जनरलमध्ये, मी लेडीजमध्ये. घाटकोपरला उतरल्यावर शर्टाचं वरचं बटन नव्हतं, आणि शनिवार होता हं, गर्दी निम्मी. मेट्रोच्या ब्रिजवर म्हणाले, रोज असं? मी म्हटलं नाही, आज मोकळं आहे. पुढे काही बोललेच नाहीत, हायवेपर्यंत नुसता माझा डबा धरून उभे.

ट्यूशनचं हिशोबनीसांनी लिहिलं ते मिस्टरांना दाखवलं, ते म्हणाले तेवढी एकच गोष्ट पुरे आहे.

मावशी, सासूबाईंना विचारलं. मला वाटलं रडतील. म्हणाल्या, तू रात्री नऊला येतेस तोपर्यंत मी गॅलरीत उभी असते, सगळ्या गाड्या मोजते, तिथे गेलं तर लवकर आत जाता येईल. मला माहीतच नव्हतं त्या उभ्या असतात. मी येते तेव्हा त्या टीव्हीसमोर असतात. फक्त त्यांची एक अट आहे, तुळशीची कुंडी जाईल अशी गॅलरी हवी, ग्रिल असलेली चालेल पण सकाळचं ऊन पाहिजे.

कुर्ल्याचं पण केलं, पास वाढवून घेतला. दोन दिवस चौथी सीट मिळाली, तिसऱ्या दिवशी कुर्ल्यालाच चढता आलं नाही. तरी घाटकोपरपेक्षा बरं.

रविवारी कळव्याला दोन आणि मुलुंड पूर्वेला एक घर बघायला जातोय. मेगाब्लॉक नसला तर. कल्याण येतंय, बाई वर उभी आहे डोक्यावर, फोन ठेवते.

दारातला_डोंबिवलीकर

मेगाब्लॉक आहे रविवारी. नेहमीचाच. सकाळी लवकर निघा नाहीतर शनिवारी संध्याकाळी उरकून घ्या.

आणि पाणी किती वेळ येतं ते ब्रोकरला विचारू नका, वॉचमनला विचारा.